काचेपलीकडचं कोपर

३ मार्च, सोमवार. पहाटे ५.४०

आजपासून रोज लिहायचं. दोन ओळी का होईनात. वही ऑफिसची आहे, पण ऑफिसने मला सव्वीस वर्षं चौकात उभं करून धूर खायला घातला, तेव्हा एका वहीवर माझा हक्क आहे.

मुद्दा असा की घरात एक आवाज येतो. बारीक, न थांबणारा, कूं असा. आठवडा झाला. बायकोला विचारलं, तिला येत नाही. खालच्या वहिनींना घरात बोलावून ऐकवला, त्यांनाही नाही. लेकीला फोनवरून ऐकवला, तिलाही नाही. म्हणजे एवढ्या माणसांत कान शाबूत आहेत ते फक्त माझे. ट्रॅफिक पोलिसाचे कान जातात म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

संकल्प: आवाज कुठून येतो ते शोधून काढणे. रोज वीस मिनिटं चालणे. कुणावरही न चिडणे.

४ मार्च, मंगळवार

फ्रिज. दुसरं काही असूच शकत नाही.

सकाळी फ्रिजचा प्लग काढला. आवाज चालूच. जुना माल आहे, बंद केल्यावरही थोडा वेळ वाजत असणार. वाट बघत बसलो आणि ड्यूटीची वेळ झाली. प्लग परत लावायचा राहिला. संध्याकाळी दूध नासलेलं. बायको बराच वेळ बोलत होती. तिने नळ सोडला होता, तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे मजकूर कळला नाही, पण सूर कळला.

चाललो नाही. दिवसभर पॉइंटवर उभा असतो, ते चालण्यातच धरायला हरकत नसावी.

चिडलो. पण आवाज न चढवता. बायको म्हणते चढवला होता.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसचं पत्रक आलं. पॉइंटवरच्या सगळ्यांची कानांची तपासणी, पंधरा तारखेला. नापास होईल त्याला बैठं काम, म्हणजे रेकॉर्ड रूम. तिथे खिडकी नाही. फायली आहेत आणि एक पंखा आहे. जे तिथे गेले ते परत चौकात दिसले नाहीत.

मला काळजीचं कारण नाही. काळजी चौकाची वाटते. चार रस्ते, सिग्नल आठवड्यातून तीन दिवस बंद, आणि डाव्या अंगाला बसथांबा. तिथला प्रत्येक ड्रायव्हर बस उभी असतानाही हॉर्न देतो, हात मोकळा आहे म्हणून. माझ्याशिवाय हे कोण सांभाळणार? समोरच्या कोपऱ्यावर जोडीदार असतो, लांब्या. माणूस चांगला, पण सहा फूट दोन इंचांत शेवटचे दोन इंच डोक्याऐवजी मानेत गेलेत.

पत्रकात तळाला विचारलंय की चार वर्षांपूर्वी दिलेले कानातले बोळे वापरता का. नारिंगी रंगाचे, स्पंजचे. कानात बोळे घालून चौक सांभाळायचा म्हणजे डोळे बांधून पोळी भाजायची. पण बोळे वाया घालवलेले नाहीत. आजच कात्रीने कापून फ्रिजच्या पायांखाली सरकवले. आवाज निम्म्यावर आला असं वाटतं. ‘होय, नियमित वापरतो’ असं लिहून दिलं.

८ मार्च, शनिवार

आज लिहायलाच हवं, कारण याचं कौतुक दुसरं कुणी करणार नाही. मला काचेपलीकडचं बोलणं कळतं.

गाडीच्या काचा वर, आत एसी, ड्रायव्हर मला शिवी देतो. त्याला वाटतं आपण सुखरूप आहोत. मला त्याचे ओठ दिसतात. आईवरची कुठली, बहिणीवरची कुठली, आणि नुसताच माझ्या अकलेचा उद्धार कुठला, तीस फुटांवरून सांगतो. दुसरं म्हणजे गाडी वळायच्या आधी माणसाचा खांदा वळतो. इंडिकेटर खोटं बोलतो, खांदा कधी नाही.

लांब्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, प्रेमाचं काही बोललं तर कळतं का? मी म्हटलं, सव्वीस वर्षांत काचेआडून तसं कुणी काही बोललेलं नाही, तेव्हा सराव नाही.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी अकराला. लग्न होऊन तिकडे गेली, सहा तासांच्या अंतरावर. तिला दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे. बायको आधी बोलली आणि माझ्याकडे वळून मला सगळं नीट समजावून सांगितलं: पुढच्या शनिवारी सोनोग्राफी, रविवारी फोन करून सांगेल.

मग मला फोन दिला. हल्लीच्या फोनचे स्पीकर काडीचे नसतात. पण माझी एक पद्धत आहे. समोरचं माणूस श्वास घ्यायला थांबलं की एकदा ‘हं’ म्हणायचं, पुढच्या वेळी ‘छान’, त्याच्या पुढच्या वेळी ‘काळजी घे’. परत ‘हं’पासून सुरू. वर्ष झालं, एकदाही अडलं नाही. लेक म्हणते, बाबा हल्ली किती शांतपणे ऐकून घेतात.

लहानपणी ती शाळेतून येताना माझ्या चौकाच्या कडेला दप्तर घेऊन उभी राहायची. मी चारही रस्ते थांबवायचो. तळहात वर, थांब. मग हात माझ्याकडे ओढून, ये. एका पोरीसाठी अख्खी वाहतूक. साहेबांनी एकदा पाहिलं होतं, पण तेव्हाचे साहेब माणूस होते.

११ मार्च, मंगळवार

फ्रिज निर्दोष. आज तो ओढून बाल्कनीत नेला, आवाज बेडरूममध्ये जसाच्या तसा. पाठीत उसण भरली.

आता लक्षात आलं. गच्चीवरचा पाण्याचा पंप. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे त्याची जबाबदारी. त्यांना लेखी तक्रार दिली: सदर पंपाच्या अखंड आवाजामुळे रहिवाशांना त्रास होत आहे. काका मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेले. पंप उघडा पडलेला, मोटर महिन्यापूर्वीच दुरुस्तीला गेलीय. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. त्या नजरेत जे होतं ते मला आवडलं नाही.

तक्रार मागे घेतलेली नाही. मोटर नसताना पंप वाजत असेल तर उलट जास्त गंभीर आहे.

१३ मार्च, गुरुवार

आज एक किरकोळ गोष्ट झाली. किरकोळच.

बसथांब्याच्या बाजूने ॲम्ब्युलन्स आली. मी पाठमोरा होतो, समोरची बाजू सोडली होती. लांब्या धावत आला, मला खांद्याने बाजूला ढकललं आणि दोन्ही हात पसरून रस्ता अडवला. ॲम्ब्युलन्स माझ्या बाहीला घासून गेली. लांब्या म्हणाला, मिनिटभर सायरन चालू होता. माझ्या मते सायरनच मिळमिळीत होता. बॅटरी उतरली असणार. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी निदान बॅटरीची तरी काळजी घ्यावी.

मग लांब्याने मला झाडाखाली नेलं, समोर उभं केलं आणि सांगितलं की आपण होऊन बैठं काम मागून घे. मी म्हटलं, तुला माझी बाजू हवीय, माझ्याकडे सावली आहे म्हणून. त्याचे ओठ हललेच नाहीत, ते मी नीट पाहिलं.

बायकोला सांगितलं नाही. बाही तिने पाहिली. खिळ्याला अडकली म्हटलं.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४

पास!

सविस्तर लिहितो. काचेची खोली. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. पीं असं ऐकू आलं की दाबायचं. काचेपलीकडे टेक्निशियन बाई मशीनवर. चेहरा मशीनच्या आड, पण उजवं कोपर दिसत होतं. आणि देवाच्या दयेने मी सव्वीस वर्षं कोपरं आणि खांदे वाचण्यातच घालवलीत. बाई आवाज सोडायची तेव्हा कोपर सुतभर पुढे यायचं. आलं की मी दाबायचो. अधूनमधून मुद्दाम एखादं सोडलं, फार चांगला निकाल आला तर संशय येतो.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. आवाज कुठल्या वाटेने माणसापर्यंत पोचला याला महत्त्व नाही, पोचला याला आहे. कागदावर लिहून मिळालं: पॉइंटसाठी योग्य. घडी घालून खिशात ठेवला आणि वाटेत चार वेळा काढून पाहिला.

पैज जिंकल्यासारखं वाटत होतं, म्हणून नातवंडासाठी खुळखुळा घ्यायला गेलो. दुकानात पहिला हलवला, मुका. दुसरा, मुका. दुकानदार म्हणाला, वाजतोय की. मी त्याला हल्लीच्या मालाच्या दर्जाबद्दल चार शब्द सुनावले. शेवटी त्याने आतून पत्र्याचा मोठा आणला. तो हलवल्यावर दुकानातली दोन लहान मुलं रडायला लागली. तो घेतला. लाल रंगाचा, लाकडी दांडीचा.

आज लेकीची सोनोग्राफी होती. उद्या फोन.

१६ मार्च, रविवार

बायको भाजी आणायला गेली होती, मीच फोन घेतला. आज लेक खूप बोलली. मध्येमध्ये थांबत होती, पण फार वेळ थांबत होती, त्यामुळे माझा क्रम जरा चुकला. शेवटी सोनोग्राफीची बातमी म्हणजे चांगलीच असणार, म्हणून मी क्रम सोडून मनापासून म्हटलं: छान झालं. आता सुटलीस काळजीतून. निवांत झोप काढ.

ती पुढे बोलली असेल किंवा नसेल. फोन बंद झाला. नेटवर्क.

खुळखुळ्याबद्दल सांगायचं राहून गेलं. बायको आल्यावर सांगितलं की लेकीचा फोन आला होता, सगळं उत्तम आहे.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ७

बायको लेकीकडे निघाली. अचानक. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात ती फोनवर होती, माझ्याकडे पाठ करून, ओट्याला धरून. रात्री जेवली नाही. सकाळी बॅग भरलेली. दारात चपला घालता घालता खाली मान घालून काहीतरी म्हणाली. घाईत होती, बस चुकेल म्हणून मी परत विचारलं नाही. मान हलवली आणि म्हटलं, हो हो, जा, मी सांभाळतो इकडचं.

तिला खुळखुळा दिला, लेकीला दे म्हणून. तिने तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत फडताळात ठेवला. पत्र्याचा आहे, हलका वाटला असेल. बायकांना वस्तूची किंमत लगेच कळते.

घरात मी आणि कूं. वाटलं होतं माणसं कमी झाली की आवाज कमी होईल. झाला नाही.

१९ मार्च, बुधवार

बायकोचा फोन नाही. दुधाचा राग अजून असावा. पंधरा दिवस एका लिटर दुधाचा राग धरणारी ही नव्हे, पण फ्रिज बाल्कनीत आहे तोही धरून.

भात करपला. करपल्याचा वास येईपर्यंत कुकर मुळीच वाजला नाही. शिट्टी खराब. बदलायला हवी. आठवडाभरात घरातल्या सगळ्याच वस्तूंनी एकदम मान टाकली आहे.

लेकीला मेसेज टाकला: ‘वजन उचलू नकोस. भरपूर झोप. खुळखुळा आईकडून राहिला, उद्या कुरियर करतो.’

२० मार्च, गुरुवार. दुपार

बायकोचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो.

‘अहो, खुळखुळा पाठवू नका. रविवारी तिने तुम्हाला फोनवर सांगितलं, बाळाचे ठोके लागत नाहीत. तुम्ही म्हणालात छान झालं, काळजीतून सुटलीस. ती मला सारखी विचारतेय, बाबा असं का म्हणाले. मी तुम्हाला दारात सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं कळलं. मग तुम्ही खुळखुळा दिलात. मंगळवारी तिला ॲडमिट केलं होतं. आता घरी आहे. तुम्ही तिला फोन करू नका. नीट ऐकू येईल तेव्हा करा.’

रविवारी नेटवर्क खराब होतं. दारात बायको खाली बघून बोलत होती. लेकही हळू बोलली असणार, रडत असणार, रडताना माणूस

वरचं खोडायचं होतं. राहू दे.

तिला ऐकून घ्यायला एक माणूस हवं होतं आणि फोन माझ्या हातात होता. मी छान म्हणालो.

२१ मार्च, शुक्रवार

पॉइंटवर गेलो. लांब्याला सांगितलं. तो बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि तेवढ्यात चारही बाजूंनी गाड्या एकमेकींत घुसल्या. प्रत्येक काचेआड ओठ हलत होते. सगळं कळत होतं, एकूण एक शिवी. मला तिथेच रडू आलं. गॉगल होता.

संध्याकाळी फडताळातून खुळखुळा काढला. कानाशी धरून हलवला. आधी डाव्या, मग उजव्या. हाताला आतले दाणे लागतात. बाकी काही नाही.

दुकानदाराची माफी मागायला हवी.

२२ मार्च, शनिवार

सकाळी परत तपासणीच्या ठिकाणी गेलो. बोलावलं नव्हतं. टेक्निशियन बाईंना कोपराचं सांगून टाकलं. त्यांनी आधी स्वतःच्या कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, खुर्ची भिंतीकडे फिरवा आणि माझी तपासणी करा. त्यांनी फिरवली.

भिंत पिवळी आहे. समोर पाहण्यासारखं काहीच नाही. कान देऊन बसलो. एवढा जीव एकवटून मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. आणि आलं ऐकू! बारीक, स्वच्छ. बटण दाबलं. परत दाबलं. धरूनच ठेवलं.

बाई वळसा घालून समोर आल्या आणि कागदावर लिहून दाखवलं: ‘अजून सुरू केलेलं नाही.’

मग सुरू केलं असावं. मी फक्त खालचे, जाड आवाज आले तेव्हा दाबलं. फार थोडे होते. बाकी वेळ भिंत.

डॉक्टरांनी समोर बसवून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. कूं फ्रिजचा नाही, पंपाचा नाही. माझ्याच कानांचा आहे. कानाच्या आत बारीक केस असतात, ते वर्षानुवर्षांच्या हॉर्नांनी झडले. डोक्यावरच्यांसारखेच, परत उगवत नाहीत. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं थोडं कळेल. कूं राहील, त्याची सवय होते. बोळे दिले होते ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, फ्रिजखाली आहेत. त्यांनी लिहून घेतलं नाही.

‘पॉइंटसाठी योग्य’चा कागद मी स्वतः परत केला. एक तारखेपासून रेकॉर्ड रूम.

दुपारी वरच्या काकांना तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि फ्रिज आत ओढायला मदत केली.

संध्याकाळी बायको आली. मी दारातच तिला सगळं सांगितलं, ॲम्ब्युलन्सचंसुद्धा. तिने माझी बाही हातात घेऊन फाटलं होतं ती जागा शोधली. ती मी चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने शिवली होती. चहा टाकायला आत गेली आणि दोनच मिनिटांत बाहेर येऊन समोर उभी राहिली. आतून काहीतरी विचारलं असावं. चहात साखर घालू का एवढंच होतं. एवढ्यासाठी आता रोज तिला यावं लागणार.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११

लेकीने व्हिडिओ कॉल केला. बायकोने फोन साखरेच्या डब्याला टेकवून मला समोर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. काय बोलायचं ते मी सकाळपासून पाठ केलं होतं. अर्धं विसरलो. एवढंच बोललो:

“मला ऐकू येत नाही गं. बरेच दिवस येत नाही. तू सांगितलंस ते मला कळलंच नव्हतं, आणि मी कळल्यासारखं केलं.”

तिचा चेहरा खराब झालाय. डोळ्यांखाली काळं, केस नुसते बांधलेले. मी तिच्या ओठांवर नजर ठेवून बसलो. शिवी असती तर पहिल्या अक्षराला ओळखली असती, आणि खरं सांगतो, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ओठ हलले नाहीत. एकदा दुमडले, परत सुटले. मला भीती वाटली की ती बोलतेय आणि मला आता ओठही वाचता येत नाहीत.

काही सुचेना. मग मी तळहात वर केला, थांब. आणि हात माझ्याकडे ओढला, ये.

ती बघत राहिली. बाहीने नाक पुसलं. मग पडदा काळा झाला.

मी बायकोकडे वळून विचारलं, काय म्हणाली ती. बायकोने आधी डोळे पुसले, मग माझ्याकडे तोंड करून सांगितलं, काहीच म्हणाली नाही, नुसती रडत होती.

म्हणजे या वेळी मला जे ऐकू आलं ते बरोबर होतं.